तुझ्या पलंगावर माझी ओली छत्री

डब्लिन,
९ नोव्हेंबर

प्रिय रत्ने,

सप्रेम जयभीम. मी इथे ठीक आहे, म्हणजे हाडं जागच्या जागी आहेत आणि आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. तुझे गुडघे काय म्हणतात? सूनबाई सपनाला आशीर्वाद. धम्मरत्नलाही आशीर्वाद, पण ते मनापासून नाहीत, मोठ्यांनी द्यायचे असतात म्हणून दिले आहेत. छोटीचा गोड पापा घे. हे पत्र तुझ्या घरी न पाठवता शेजारी गोजराबाईंच्या पत्त्यावर पाठवलं, याचा राग मानू नकोस. तुला फोन केला की सपना तो स्पीकरवर टाकते, आणि मग साठी उलटलेल्या आपण दोघी तपासणीला साहेब आल्यासारख्या बोलतो. जेवलीस का, जेवले, थंडी आहे का, आहे. गोजराबाईंना वाचता येत नाही, त्यामुळे पत्र त्यांच्याकडे सुखरूप राहील. (तू तीस वर्षं वाशीमच्या पोस्टात काढलीस. दुसऱ्याचं पत्र फोडणारे लोक कोण असतात ते तुला मी सांगायला नको.)

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. तू आली नाहीस ते फार उत्तम केलंस. मी अजिबात चिडलेली नाही. इथल्या कॉलेजात प्रवेश दोघींना मिळाला, व्हिसाचे शिक्के दोघींच्या पासपोर्टांवर पडले, मिसेस डॉइल नावाच्या बाईंच्या घरी दोन पलंगांची खोली ठरली, आणि निघायला आठ दिवस असताना तुझ्या चिरंजीवांनी चहा पिता पिता मला विचारलं, "मावशी, तुमी जा ना. आईले कायले नेता? छोटीले कोण सांभाळीन?" घरात आई आहे, बाप आहे, अंगणवाडी समोर आहे, तरी मुलीला सांभाळायला पोस्टातून निवृत्त झालेली बाईच लागते! मी तुझ्याकडे पाहिलं. तू फरशीकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "मले नाही जमत व वैजू." मंगरूळपीरला चौतीस वर्षं मी शाळा चालवली, बाहीत चिठ्ठ्या लपवणारी शेकडो पोरं पकडली, पण इतका निरागस चेहरा करून कोणी मला फसवलं नाही. असो. झालं ते बरंच झालं. तुझ्या पलंगावर आता माझी ओली छत्री, शब्दकोश आणि पायमोजे असतात. जागा छान वापरात आहे.

हे शहर पाहून मला जो धक्का बसला तो तुला बसला नाही, हे तुझं नशीब. अमरावतीला कॉन्व्हेंटात डब्लिनहून आलेल्या सिस्टर बर्नडेटनी आपल्याला या देशाबद्दल जे जे सांगितलं होतं त्यातलं एक अक्षर खरं नाही. (आपण दोघींनी तिथल्या चिंचेखाली शपथ घेतली होती, आठवतं? एक दिवस सिस्टरच्या गावात जाऊन शिकायचं. तू थुंकी लावून घेतली होतीस.) इथे सगळे देवभीरू आहेत म्हणे! मिसेस डॉइल अकरा वर्षांत चर्चमध्ये गेलेल्या नाहीत. आपण दोघी बौद्धांच्या मुली, आणि आपल्याला रोज सकाळी साडेसातला प्रार्थनेला उभं केलं, जांभई दिली तर पट्टी. मी हे मिसेस डॉइलना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, बाई गं, आमच्या वाटचं तुम्हीच करून टाकलंत की. आणि त्यांचं ते इंग्रजी! सिस्टरने आपल्या जिभेला जे वळण लावलं ते इथे कोणाच्याच जिभेला नाही. माझं इंग्रजी ऐकून दुकानातल्या पोरीने मला विचारलं की तुम्ही रेडिओवर होता का.

वर्गातला प्रकार तर विचारूच नकोस. पहिल्या दिवशी बाई वर्गात आल्या (वय असेल तीस, केस न विंचरलेले), आणि मी सवयीने ताडकन उभी राहून "गुड मॉर्निंग, मिस" म्हटलं. एकटीने. बाकी सव्वीस पोरं बसलेली, एक तर सफरचंद खात होता. बाईंना वाटलं मी वर्ग सोडून निघाले. त्यांनी घाबरून विचारलं, काही चुकलं का माझं? मग त्या टेबलावर चढून बसल्या. टेबलावर, रत्ने! आणि म्हणाल्या, मला ओर्ला म्हणा. शिक्षिकेला नावाने हाक मारणं माझ्याने होणार नाही, म्हणून सहा आठवडे झाले मी त्यांना हाकच मारलेली नाही. शंका विचारायची झाली की मी खोकते.

बसचंही तेच. पहिल्या सोमवारी मी थांब्यावर पाऊण तास उभी होते आणि डोळ्यांसमोरून चार बसगाड्या निघून गेल्या. मी त्या कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिलं, दोन पानी. उत्तर आलं की मॅडम, आमच्याकडे बसला हात दाखवावा लागतो. म्हणजे आपल्याकडे अनसिंगच्या फाट्यावर उभा असलेला माणूस हात दाखवतो ते अडाणीपण, आणि इथे तोच नियम! मी आयुष्यभर पोरांना शिकवलं की रस्त्यात हात दाखवून गाडी थांबवू नका, अधिकृत थांब्यावर शिस्तीत उभे राहा. त्या सगळ्यांची मी इथून माफी मागते.

मग मुगवड्यांचा बेत. याला जबाबदार गोजराबाई. निघताना त्या म्हणाल्या होत्या, "परदेशात जाऊन राह्यली तं काय झालं, वड्या घालजो. वड्या असल्या की मानूस उपाशी नाही मरत." सप्टेंबरात एका रविवारी चक्क ऊन पडलं. मी डाळ वाटली, मिसेस डॉइलची स्वच्छ चादर मागच्या अंगणात पसरली आणि एकशेचाळीस वड्या घातल्या. सगळ्या सारख्या, सुपारीएवढ्या. हात धुवायला आत गेले तेवढ्यात वरून कोंबडीएवढाले पांढरे समुद्रपक्षी उतरले. सहा होते. आपल्याकडचा कावळा निदान भितो, शरमतो. यांना शरम नाही. मी ओरडले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खातच राहिले. तेव्हा शेजारच्या भिंतीवरून एक म्हातारे गृहस्थ, मिस्टर फ्लिन, माझ्याहून मोठ्याने ओरडले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी त्या पक्ष्यांवर भिरकावली. नेम चुकला. टोपी वड्यांवर पडली. आम्ही दोघं भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून बाकीचा कार्यक्रम पाहिला. मला कळलं की वड्या घालणं हे दोन माणसांचं काम आहे, एकीने घालायच्या आणि दुसरीने राखायच्या. गच्चीवर राखायचं काम तुझं असायचं. पण तू आली नाहीस ते बरंच झालं, उन्हात तुझं डोकं दुखतं. टोपी मी धुऊन वाळवली आणि परत द्यायची राहून गेली.

आता मुख्य धक्का. बसून वाच.

गेल्या महिन्यातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी मी कॉलेजातून आले तर फ्लिन यांचं दार सताड उघडं. दिवे लागलेले. माणसं येताहेत, प्रत्येकाच्या हातात झाकलेलं ताट. बाहेर पुरुष पेले घेऊन उभे, आत कोणीतरी गातंय, हशा पिकतोय. मिसेस डॉइल घरी नाहीत आणि त्यांच्या चारही खुर्च्या गायब, इतकंच काय, माझ्या अभ्यासाची खुर्चीसुद्धा नेलेली. आता तू सांग, वाशीम जिल्ह्यातला कुठलाही शहाणा माणूस यावरून काय समजेल? फ्लिन यांची मुलगी चाळिशीची, लग्न व्हायचं आहे, हे मला ठाऊक होतं. मी समजले साखरपुडा. शेजारधर्म म्हणून रवा भाजला, तूप नव्हतं तर इथलं लोणी घातलं, बेदाणे घातले, डबाभर शिरा केला. जांभळी सिल्कची साडी नेसले (ती आपण दोघींनी सारखी घेतलेली). गेले, मिसेस फ्लिन यांना मिठी मारली आणि सिस्टर बर्नडेटच्या इंग्रजीत, खणखणीत आवाजात म्हणाले, मनःपूर्वक अभिनंदन! कुठे आहेत ते भाग्यवान गृहस्थ?

गाणाऱ्याने गाणं अर्ध्यावर सोडलं. मिसेस फ्लिन यांनी माझ्याकडे पाहिलं, माझा हात धरला आणि म्हणाल्या, पुढच्या खोलीत आहे, ये ना, फार छान दिसतोय आज.

आणि पुढच्या खोलीत, उघड्या पेटीत, कोट-टाय घालून मिस्टर फ्लिन झोपलेले होते. कायमचे. आदल्या दिवशी दुपारी गेले म्हणे, मी तेव्हा ग्रंथालयात होते. आणि रत्ने, त्या पेटीच्या शेजारी, माझ्याच अभ्यासाच्या खुर्चीवर, एक माणूस सँडविच खात होता!

मी तिथे उभी, जांभळ्या सिल्कमध्ये, हातात शिरा. आपल्याकडे ज्या घरी माणूस जातो तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही, मोठ्याने कोणी बोलत नाही, शेजारणी पदराखाली झाकून पिठलं-भाकरी आणतात. इथे केक होता. तीन थरांचा. मी शिऱ्याचा डबा केकशेजारी ठेवला आणि माझी चूक सांगितली, साखरपुडा, शिरा, सगळं. मिसेस फ्लिन यांनी ऐकून घेतलं आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की भिंतीला टेकल्या, आणि मग ते हसणं केव्हा रडणं झालं ते त्यांनाही कळलं नाही. मुलगी मला हळूच म्हणाली, कालपासून आई रडलीच नव्हती. आणि मिसेस फ्लिन डोळे पुसत म्हणाल्या, सेहेचाळीस वर्षं संसार केला, पण माझ्या टॉमला भाग्यवान म्हणणारी तू पहिलीच.

शिरा संपला. सँडविचवाल्याने दोनदा घेतला. आता गल्लीतला प्रत्येक माणूस मला पाहिलं की विचारतो, काय बाई, आज कोणाचं अभिनंदन? मी मान ताठ ठेवून जाते.

दुसऱ्या दिवशी मात्र मी आपली रीत केली. तू कापडी पिशवी शिवून पाच किलो ज्वारीचं पीठ दिलं होतंस ना, त्यातल्या भाकरी थापल्या, पिठलं केलं, आणि दफन करून सगळे पांगल्यावर संध्याकाळी घेऊन गेले. मुलगीही आपल्या गावी परतली होती. खुर्च्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या होत्या. मिसेस फ्लिन स्वयंपाकघरात एकट्या बसलेल्या, समोर दोन कप ठेवलेले, एकात चहा, एक रिकामा. त्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली. आवडली म्हणून नव्हे, मी उठले नाही म्हणून. मी टोपी परत दिली. त्यांनी ती हातात फिरवली आणि मलाच परत दिली. म्हणाल्या, पक्ष्यांसाठी ठेव. मग त्यांनी विचारलं, तू रोज कोणाबरोबर जेवतेस?

तेव्हापासून मी त्यांच्याकडे जेवते. मंगळवारी त्या उकडलेला बटाटा देतात, गुरुवारी उकडलेला बटाटा देतात, रविवारी मी करते.

तर असं हे शहर. मेलेल्या माणसाच्या घरी गाणी, वर्गात सफरचंद, ऊन चार मिनिटं. इथे येण्यासारखं काही नाही. तू घरी छोटीबरोबर सुखात राहा, गुडघ्यांना तेल लाव आणि माझी मुळीच काळजी करू नकोस.

तुझी,
वैजयंती

ता. क. तुझा प्रवेश रद्द करायचा माझ्याकडून राहून गेला. म्हणजे केलाच नाही. कॉलेजात सांगितलं की विद्यार्थिनीला घरगुती अडचण आहे, ती दुसऱ्या सत्राला येईल. वर्ग वीस जानेवारीला सुरू होतात. तुझा व्हिसा फेब्रुवारीपर्यंत चालतो, मी कागद पाहिले आहेत. मिसेस डॉइल तुझ्या पलंगावर दुसरं कोणी ठेवायचं म्हणत होत्या, मी त्यांना पंधरा डिसेंबरपर्यंत थांबवलं आहे. धम्मरत्न आणि सपनाला सांग, छोटी तुझी नात आहे पण त्यांची मुलगी आहे.

ता. क. दुसरा. मिसेस फ्लिन यांनी विचारलं होतं ना, रोज कोणाबरोबर जेवतेस, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की माझी मैत्रीण येणार आहे, जानेवारीत. त्यांनी लगेच कपाटातून तिसरी ताटली काढून धुतली. खोटं बोलल्याबद्दल सिस्टरने एकदा माझ्या हातावर पट्टी मारली होती, तेव्हापासून मी खोटं बोललेले नाही. आता हे खरं करणं तुझ्याकडे आहे. उत्तर गोजराबाईंच्याच पत्त्यावरून पाठव.

ता. क. तिसरा, आणि शेवटचा. छत्री आज काढली. चादर बदलली. टोपी तुझ्या उशाशी खिळ्याला अडकवली आहे. मी रोज अंगणात फेकून सराव करते, पण एकही पक्षी हलत नाही. चिंचा पाडायचीस तेव्हा नेम तुझाच लागायचा.