तेवीस दोष आणि तिसरी खोली

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते. घर सापडलंय! उपनगरात, दुसरा मजला, तीन खोल्या. आधीची अकरा घरं बघताना ह्यांच्या चपला झिजल्या आणि माझी जीभ. एका घराची एकुलती एक खिडकी शेजाऱ्यांच्या न्हाणीघरासमोर उघडायची. दलाल त्याला हवेशीर म्हणत होता.

हे घर एका निवृत्त नर्सबाईंचं. लेकीकडे राहायला जायचं म्हणून त्या विकतायत. तिसरी खोली तुझी, हे मी पुन्हा लिहिते आणि लिहीतच राहणार. वहिनी गेल्याला दोन वर्षं झाली. भाड्याच्या खोलीत चहा-बिस्किटांवर दिवस काढतोस, ते मला बघवत नाही. घर निर्दोष असलं तरच येईन म्हणाला होतास ना? मग ये आणि बघ. मी कामावर असेन, नर्सबाई दाखवतील. फक्त कारखाना तपासल्यासारखं तपासू नकोस, एवढी कृपा कर.

उत्तर आणि लोभ दोन्ही लवकर पाठव.
तुझी
बेबी


११ मार्च

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ.

घर पाहिलं. बत्तीस वर्षं कारखाना तपासनीस होतो, डोळे मिटून कसा फिरणार? एकूण तेवीस दोष निघाले. मोरीचा उतार उलटा, स्वयंपाकघराचं दार कुरकुरतं आणि तुझ्या त्या तिसऱ्या खोलीत ओल आहे. बाई मात्र सज्जन. चहा फिकट होता, पण तो मी यादीत धरला नाही.

नेहमीच्या पद्धतीने यादी दोन प्रतींत केली. एक त्यांना दिली, खाली 'पंधरा दिवसांत पूर्तता करावी' असं लिहिलं आणि पोच म्हणून सही घेतली. हात सवयीने चालला. असल्या घरात मी येणार नाही, तूही घेऊ नकोस. मेहुण्यांना नमस्कार आणि नव्या चपला घ्यायला सांग.

तुझ्या भल्यासाठीच वाईट बोलणारा
दादा


२९ मार्च

ती. दादास,
सा. न. आज वि. वि. काही नाही.

नर्सबाईंनी जन्मभर डॉक्टरांच्या लेखी सूचना पाळल्या. सहीचा कागद हातात पडला की तो पुरा केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. गवंडी आला, सुतार आला, रंगारी आला. चौदाव्या दिवशी तेवीसच्या तेवीस दोष साफ! मी विसार द्यायला गेले, तर म्हणाल्या की आता इतकं छान घर सोडवत नाही, लेकच इकडे राहायला येतेय. वर तुझे मनापासून आभार मानलेत.

मी जिन्यातच बसून रडले. ह्यांना हसू आवरेना. मग मीही हसले, पण राग गेला नाही. दादा, खरं सांग, तुला घरात दोष दिसतात की तुला यायचंच नाहीये?

काल त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घराचा विसार दिला. तुला न विचारता. गॅलरीत गळतं आणि नळ गुरगुरतो. पुढच्या आठवड्यात किल्ली मिळेल. इथेही तिसरी खोली आहे. आलास तर तुझी, नाही आलास तरी तुझीच.

रागावलेली, पण तुझीच
बेबी


१० एप्रिल

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात दोष सापडला नाही.

मला यायची भीती वाटत होती. पाहुणा म्हणून मी आठ दिवस बरा असतो. कायमचा आलो आणि तुम्हाला नकोसा झालो, तर मग जायचं कुठे? म्हणून त्या घरात खोट काढत बसलो. तुझी वहिनी असती तर पहिल्याच दोषाला तिने माझी बोलती बंद केली असती.

मी पहाटे उठून खोकतो. पेपर मोठ्याने वाचतो. दुसऱ्यांनी पिळलेले कपडे पुन्हा पिळतो. हे सगळं मेहुण्यांना आधीच सांग. त्यांचं उत्तर येईपर्यंत थांबावं, हे खरं शहाणपणाचं. पण थांबलो की माझा विचार बदलतो, हे मला माहीत आहे. म्हणून आज सकाळी इथली खोली सोडली आणि किल्ली घरमालकाच्या हातात दिली.

हे पत्र स्टेशनच्या बाकावर बसून लिहितोय. बहुतेक पत्राच्या आधी मीच पोचेन.

तुझा
दादा