रविवारची अर्धी जागा

चंदीगड
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी कपडे धुतले, पूजा केली आणि रविवारच्या बाजारात जाऊन आले. दुपारी जेवले नाही. एवढाच दिवस.

ह्यांना जाऊन दीड महिना झाला. कामं सगळी वेळेत उरकली. पेन्शन माझ्या नावावर झाली, गॅसचं झालं, बँकेचं झालं. त्याच ओघात ह्यांचा बाजारातला परवानाही परत केला. परवानाधारक वारले, जागा रिकामी समजावी, असं कार्यालयात लिहून दिलं. इतक्या लवकर कळवायला कोणी येत नाही, असं तिथला माणूस म्हणाला. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

आज गेले ते ह्यांनी तिथल्या चहावाल्याकडे ठेवलेले टेबलफॅन आणि किटल्या आणायला. सेक्टर ३४ मधली क्लासची मुलं शहर सोडताना वस्तू विकून जात. हे त्या दुरुस्त करत आणि नव्या मुलांना विकत. तुम्ही इथे आला होतात तेव्हा दिवसभर ह्यांच्या शेजारी बसला होतात. मी सहा वर्षांत एकदाही गेले नाही. इंजिनिअरसाहेब जमिनीवर चादर टाकून बसतात, हे कॉलनीत कोणी बोललं की मला नको वाटायचं.

जागेभोवती दोरी बांधली होती आणि दोरीबाहेर सुरिंदर कौर गाठोडं घेऊन उभी होती. तीच, जुने स्वेटर विकणारी. तिच्याकडे स्वतःचा परवाना नाही, नवी नोंदणी बंद आहे. ह्यांनी तिचं नाव मदतनीस म्हणून लावलं होतं आणि अर्धी जागा तिला दिली होती. परवाना गेला तशी मदतनीसही गेली. मला हे माहीत नव्हतं. भरल्या बाजारात ती मला म्हणाली की मॅडमजी, तिरडी एकाची निघाली होती, तुम्ही दोघांना पोचवून आलात.

चहावाल्याने फॅन रिक्षात ठेवून दिले, किटल्या मांडीवर घेऊन मी घरी आले.

तुमच्या कानाच्या मशीनचं काय झालं?

लोभ होता तसाच ठेवा, एवढंच मागणं.
तुमची
प्रतिमा


मिरज
१४ ऑगस्ट २०२५

चि. प्रतिमा हिस,
अनेक आशीर्वाद.

वर जी खाडाखोड दिसते तिथे 'सौ.' होतं. हात सवयीने लिहून गेला. वाईट वाटून घेऊ नकोस.

मशीन डब्यात आहे. लावलं की शेजारची भांडणं ऐकू येतात आणि कामाचं काही येत नाही. तेव्हा फोन नको, पत्रच बरं.

तू केलंस त्यात नवल कसलं? आपल्या घरात माणूस गेलं की आधी अर्ज लिहितात, मग रडतात. अण्णा गेले तेव्हा विश्रामने दहाव्याच्या आधी रेशनकार्डातलं नाव कमी करून आणलं होतं. आईने आठ दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तू शोभतेस खरी त्याची बायको.

सुरिंदर मला चांगली आठवते. तिने माझ्या हातावर मुळ्याचा पराठा ठेवला आणि माझ्या अंगावरची शाल उलटीपालटी करून, ही कितीला द्यायची म्हणून मलाच विचारलं. तिला ओरडून बोलायची सवय आहे. अख्ख्या चंदीगडात मला नीट ऐकू आलेली ती एकटीच.

तिचं वाईट झालं, पण तू ते उरावर घेऊन बसू नकोस. तिच्या हातात काहीतरी ठेव आणि कबूल केल्याप्रमाणे दिवाळीच्या आत इकडे कायमची निघून ये. मागच्या खोलीला रंग लावायला काढलाय. रंगारी बदामी म्हणतो, मला शेवाळी दिसतोय. तुझी लेक इरा कॅनडात, तू तिथे, मी इथे. निदान दोघी तरी एका घरात राहू. गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय.

तुझी वाट बघणारी
इंद्रायणी


चंदीगड
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारी परवाना कार्यालयात गेले होते. जागा अजून कोणाला दिलेली नाही. परवानाधारक गेला तर पत्नीला ती आपल्या नावावर घेता येते, असा त्यांचा नियम आहे. मला कोणी विचारलंच नाही असंही म्हणता येत नाही. जुलैत त्यांनी विचारलं होतं आणि मी नको म्हणाले होते.

पण अट अशी की जिच्या नावावर परवाना तिने स्वतः बसायचं. मदतनीस सोबत चालते, एकटी चालत नाही. सलग तीन-चार रविवार चुकले की जागा जाते. म्हणजे सुरिंदरला तिची अर्धी जागा मिळायची तर उरलेल्या अर्ध्या जागेत मला बसावं लागेल. या वर्षी, पुढच्या वर्षी, किती ते सांगता येत नाही.

तिच्या घरी जाऊन हे सांगितलं. ती आता डेराबस्सीला औषधांच्या कारखान्यात खोकी भरायला जाते. दिवसभर उभ्याने काम आहे आणि तिचे गुडघे धड नाहीत. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाकीट नेलं होतं. तिने ते लगेच घेतलं, आभार मानले नाहीत. मग म्हणाली की साहेबांच्या जिवावर बारा महिने चूल पेटायची, या पाकिटावर दोन महिने पेटेल. मी बसेन म्हटल्यावर ती हसली. मांडी घालून किती वेळ बसता येतं, गिऱ्हाइकाने किटली परत आणून तोंडावर मारली तर काय करणार, आणि बाजारात लघवीला कुठे जायचं ते तरी माहीत आहे का, असं तिने एकामागून एक विचारलं. मला तिन्हींतलं एकही माहीत नव्हतं.

मिरजेला यायचं मी कबूल केलं होतं. तुम्ही खोली रंगवलीत. हे लिहिताना मला तोंड वर करून लिहिता येत नाही. या महिनाअखेर कार्यालयाला कळवायचं आहे. मी काय करू ते सांगा.

रागावलात तरी तुटू देऊ नका.
तुमची
प्रतिमा


मिरज
१९ सप्टेंबर २०२५

चि. प्रतिमा हिस,
अनेक आशीर्वाद.

काय करू ते मला विचारू नकोस. मी ये म्हणेन, तू येशील, आणि मग प्रत्येक रविवारी माझ्या घरात सुतकी तोंड करून बसशील. बस म्हणेन तर मी खोटं बोलेन.

मला राग आला आहे. तो तुझ्यावर आहे, त्या बाईवर आहे आणि विश्रामवरही आहे. जाताना सगळ्यांना सगळं नीट लावून देणारा माणूस, एवढंच सांगायचं राहिलं त्याचं. माझं आता पंचाहत्तर सरलं. रात्री दार वाजलं तरी मला कळत नाही. हे तुला अडवायला लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

बसलीस तर खाली जाड सतरंजी घे. चादरीने भागत नाही, मी बसले आहे.

इंद्रायणी


चंदीगड
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

सकाळी सतरंजी घेऊन बाजारात गेले. अंधार पडायच्या आत परत आले. एक किटली गेली.

परवाना माझ्या नावावर झाला. सुरिंदरने कारखाना सोडला. तिथल्या बाईने परत घेणार नाही म्हणून बजावलं आहे, तरी सोडला. त्यामुळे आता मला मध्येच उठता येणार नाही. दुपारी पाहणीवाले आले, परवान्यावरचा फोटो आणि माझं तोंड दोन्ही पाहिलं आणि पुढे गेले. ते वळताच सुरिंदर म्हणाली की फोटोत मॅडमजी जास्त घाबरलेल्या आहेत.

मला हसू आलं. हे गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि आलं तेही ह्यांच्या जागेवर बसून. दुसऱ्याच क्षणी तुमची आठवण झाली, की तिकडे तुम्ही जेवून एकट्या आडव्या झाला असाल. नंतर गिऱ्हाईक आलं. सुरिंदरनेच किटली विकली. मी भाव कमी सांगत होते म्हणून रागावलीही.

सुरिंदरचं मी बिघडवलं होतं, ते थोडं सावरलं. ते सावरताना तुमचं बिघडवलं. वन्सं, मी हिशेब मांडून पाहिला नाही, कारण उत्तर मला माहीत आहे. दिवाळीला येईन, दोन रविवार चुकवून राहीन आणि परत जाईन. कायमची येणार नाही. खोली माझ्यासाठी ठेवा, असं म्हणायचा हक्क मला उरला नाही. कोणी चांगली सोबत मिळत असेल तर तिला ती द्या. तुमच्या दाराला घंटेबरोबर लागणारा दिवा बसवण्याबद्दल माझ्या भाच्याला, अच्युतला लिहिलं आहे, तो येऊन बघून जाईल.

रागासकट जो लोभ असेल तो राहू द्या.
तुमची
प्रतिमा

ता. क. मांडी घालून पाय आखडलेत. आता बादलीत गरम पाणी घेऊन, पाय बुडवून बसते.