छोटीची झोप

१२ जून

चि. घुबडास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र नाही म्हणजे तू मजेत आहेस, असं मी धरून चालते. इथे मात्र एक झालंय. परवा माझी छोटी शाळेतून भिंत धरत धरत घरी आली. डोळ्यांसमोर वाकडंतिकडं काहीतरी चमकतंय म्हणाली, मग उलटी, मग डोकं गच्च धरून पलंगाखालच्या अंधारात जाऊन पडली. मला कुणी सांगायची गरजच नव्हती. आधी आपली आई, मग मी, आता नऊ वर्षांची ही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्धशिशीच आहे, अधूनमधून येत राहील, गोळी देत जा. येत राहील म्हणजे काय, ते मला विचारा म्हणावं. हॉटेलच्या लाँड्रीत गरम रोलरमध्ये चादरी सारताना एक डोळा मिटून मी अर्धं आयुष्य काढलंय.

माझं गेलं ते गेलं. पण तू मेंदूच्याच प्रयोगशाळेत आहेस ना? की नुसते उंदरांचे पिंजरे झाडतोस? हिला यातून सोडव बाबा, एवढंच मागते. लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पिंजरेही मीच झाडतो, त्यात लाज कसली. छोटीचं मात्र दोनदा वाचलं.

पण ऐक, आमच्याकडे सध्या नेमकं हेच चाललंय. मेंदूतही दिवसभर कचरा साठतो. मेंदूभोवतीचं पाणी रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनं आत शिरतं आणि तो धुऊन नेतं. हे काम जास्त करून झोपेत होतं. अर्धशिशीत ही वाट तुंबत असेल, नको ते आत रेंगाळून नसा चेतवत असेल, असा आमच्या मॅडमना संशय आहे. उंदरांच्या पहिल्या तुकडीत तसं दिसलंय. तुझ्या भाषेत सांगायचं तर झोप म्हणजे मेंदूचं धुणं. वाट मोकळी करणारं औषध सापडलं, तर छोटीला हे जन्मभर भोगावं लागणार नाही. मॅडम एरवी कधी हसत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. छोटीला माझा पापा. लोभ वाढता ठेव.

तुझा,
घुबड

१८ जुलै

चि. घुबडास,
भरभरून आशीर्वाद.

धुण्याचं म्हणशील तर त्यात मला कुणी शिकवायला नको. डाग हट्टी असला की चादर जास्त वेळ भिजत ठेवायची, सरळ हिशोब आहे. छोटीचंही तेच धरलंय. दिवे लागायच्या आत झोपवते. सुटीच्या दिवशी पडदे ओढून दुपारपर्यंत उठवतच नाही. दमणूक नको म्हणून पोहणं बंद केलं. गोळीही बंद केली. साबण कापडात राहिला की कापड खराब होतं, मग औषध तरी डोक्यात कशाला साठवायचं?

ती चिडते. जागीच पडून भिंतीवर नखं ओढत राहते. मैत्रिणी पोहायला बोलवायला यायच्या, त्याही आता येत नाहीत. या महिन्यात डोकं जास्तच दुखलं खरं, पण भिजवल्यावर पाणी आधी काळंच निघतं, हे मला ठाऊक आहे. कितीतरी दिवसांनी जिवाला जरा आशा वाटतेय रे. औषध कधीपर्यंत येईल, तेवढं कळव. माया असू दे.

तुझी,
ताई

२५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी तिला सकाळी वेळेवर उठव आणि खायला घाल. उपाशीपोटी इतकं झोपवलं तर डोकं उलट जास्त दुखतं. झोप रोज सारखी हवी, जास्त नको. गोळीबद्दल आजच डॉक्टरीणबाईंना विचार. धुण्याचं मी नुसतं समजावायला लिहिलं होतं आणि तू पोरीला खरोखरच भिजत घातलंस. चूक माझीच आहे, कुणाला लिहितोय याचं भान ठेवायला हवं होतं.

औषधाचं विचारलंस. उंदरांच्या दुसऱ्या तुकडीत पहिल्यासारखं काहीच दिसलं नाही. वाट तुंबते म्हणून डोकं दुखतं, की डोकं दुखतं म्हणून वाट तुंबते, हेही कळेनासं झालंय. मॅडम म्हणतात, पुन्हा पहिल्यापासून. सगळं भिजत घोंगडं आहे. औषध निघालंच तर ते छोटीच्या मुलांच्या वेळेला निघेल. छोटीसाठी माझ्याकडे काही नाही, ताई. तुला खोटं लिहवत नाही. रागावलीस तरी तोडू नकोस.

तुझा,
घुबड

९ ऑगस्ट

चि. घुबडास,
आशीर्वाद.

राग नाही रे. बुडत्याला काडी दिसली, त्यात काडीचा काय दोष. तिला वेळेवर उठवते, गोळीही पुन्हा चालू आहे. दुखणं पहिल्याइतकं झालं. म्हणजे गेलं नाही. पोहायला जा म्हटलं तर नको म्हणाली. पाण्यात असताना मध्येच आलं तर, अशी तिला भीती वाटते.

परवा मोरीचा नळ धो धो वाहत होता. दार ढकललं तर ही ओकत होती. मला आवाज येऊ नये म्हणून नळ सोडला होता. लहानपणी तुम्ही घाबरू नये म्हणून मीही असंच करायचे. हे मी तिला कधी शिकवलेलं नाही.

मी तिचं तोंड पुसत होते, तेव्हा तिनं विचारलं, आई, तुझं कितव्या वर्षी थांबलं? माझ्या तोंडून खोटं निघेना. थांबलं नाही, म्हटलं. ती रडली नाही. माझंच डोकं दाबायला लागली.

पत्र टाकत जा. औषधाचं काही नसलं तरी चालेल.

तुझी,
ताई