तारेच्या टोकाची टोपी

साकोली,
२६ ऑक्टोबर १९८८

प्रिय चंद्रकांता हिला सत्यभामेचा मनापासून नमस्कार.

आपल्या होस्टेलच्या जेवणघरातलं ते लांबलचक टेबल आठवतं का तुला? मिठाची वाटी नेहमी दुसऱ्या टोकाला, आणि तोंडाने मागायची नाही असा सिस्टरांचा नियम. शेजारणीने आपली अळणी डाळ ओळखायची, पुढचीला कोपराने खुणवायचं, मग वाटी हातोहात सरकत यायची. तू शेजारी होतीस तोवर मला मीठ कमी पडलं नाही. तू टायफॉइडने घरी गेलीस त्या महिन्यात मात्र पुष्कळ अळणी जेवले. परवा शाळेत एका टेबलाखाली वाकले असताना हे सगळं आठवलं, म्हणून लिहायला बसले. काम काही नाही. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढतेस का? भाऊजींचं पथ्य चालू आहे, की लग्नाकार्यात बुंदीचे लाडू अजून खिशात जातात?

टेबलाखाली का वाकले, ते सांगते. आमच्या मुलींच्या शाळेला यंदा तीन कॉम्प्युटर मिळाले. (सातवीच्या मुलींनी त्यांना पहिल्याच दिवशी नावं ठेवली. ती तुला सांगण्यासारखी नाहीत. एक माझंच आहे.) तीन यंत्रं आणि छापायचं मशीन एकच, म्हणून तिन्ही एकमेकांना जोडायची ठरली. त्यासाठी नागपूरहून भोजराज नावाचे इंजिनिअर आले. मूळचे वरठीचे, त्यामुळे चहा बशीत ओतून प्यायले आणि मला हायसं वाटलं. त्यांनी एक काळी जाड तार पहिल्या यंत्रापासून दुसऱ्याकडे, दुसऱ्यापासून तिसऱ्याकडे नेली आणि तारेच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढी एकेक चकचकीत टोपी बसवली. मी विचारलं, पुढे काहीच नाही तर टोपी कशाला? ते म्हणाले, "बाई, तार संपली म्हणून बोलणं नाही संपत. ते टोकाले आपटून वापस येते आन् मागून येणाऱ्याच्या अंगावर पडते. ही टोपी त्याले गिळून टाकते."

चंदे, त्या दिवसापासून माझं डोकं त्या टोपीतच अडकून आहे. आपण बोललेलं सगळं कुठे जाऊन आपटत असेल? घराघरात अशी एखादी टोपी असती तर किती संसार सुखाचे झाले असते! पण ते असो.

तर नेटवर्क सुरू झालं. एका यंत्रावर कृष्णराव, आमचे गणिताचे सर. दुसऱ्यावर मंदाबाई, शिवणाच्या शिक्षिका. खोलीची किल्ली त्यांच्याकडे असते, कारण शाळेतली प्रत्येक किल्ली त्यांच्याकडेच असते. आता या दोघांचं असं, की दोन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाच्या पडद्याची मापं कृष्णरावांनी दिली, मंदाबाईंनी पडदा शिवला, आणि तो स्टेजच्या मधोमध येऊन थांबला. माप चुकलं की कात्री, याचा निकाल लागला नाही. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. एका खोलीत बसून एकमेकांना निरोप माझ्यामार्फत. आणि नेटवर्क सुरू झालं त्या दिवशी मंदाबाईंच्या यंत्राच्या पडद्यावर रोमन अक्षरांत मजकूर उमटला: खिडकी लावा, धूळ येते. मंदाबाईंनी तिथल्या तिथे टाइप करून कळवलं: तुमीच लावा, तुमच्या बाजूले हाय. मधे अंतर किती, तर दोन खुर्च्यांचं. मी दाराआड उभी राहून देवाचे आभार मानले. (मराठीत मानले, इंग्रजीत सिस्टर ऐकतात असं अजून वाटतं.)

पुढच्या शुक्रवारी नागपूरचे साहेब पाहणीला यायचे आहेत. तिन्ही यंत्रं जोडलेली आणि चालू दिसली तर शाळेत राहतील, नाही तर दुसऱ्या शाळेला जातील; तशी चिठ्ठीच आली आहे. आसगावहून बहिणीकडे राहायला आलेली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत डबा न खाता त्या खोलीत बसते. तिला हे कोणी सांगितलेलं नाही. मला मार्चमध्ये निवृत्त व्हायचं आहे. यंत्रं माझ्या डोळ्यांदेखत टेम्पोत चढलेली मला बघवणार नाहीत.

आणि मधे आला दसरा. त्यानंतर शनिवारी शाळा उघडली तर तिन्ही यंत्रं एकमेकांना अनोळखी. छापायचं मशीन मुकं. कृष्णरावांनी बटणं दाबली, तार हलवली, मला पुस्तिका वाचायला लावली (इंग्रजी येतं म्हणून, पण त्या इंग्रजीला आपल्या कॉन्व्हेंटचा काही उपयोग नाही). मग ते टेबलाखाली शिरले, मी वाकले, आणि तिथूनच ते दोन वर्षांत पहिल्यांदा बोलले.

"मंदाबाई, तारेच्या टोप्या तुमी काढल्या का?"

"काढल्या ना. बिनघासलेली वस्तू पूजेले ठेवत असते का कोणी?"

मंदाबाईंनी टोप्या घरी नेल्या, चिंच आणि राखेने घासल्या, सरस्वतीपुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. वाकून नमस्कारही केला असणार. दुसऱ्या दिवशी झेंडूची फुलं गोळा करून निर्माल्य तलावात सोडलं. एक टोपी ताटात राहिली. दुसरी फुलांबरोबर गेली.

त्यावर जे भांडण झालं, ते तारेत मावलं नसतं. पण भांडता भांडता दोघं तलावाकडे गेली, आणि त्यांच्यामागे मी. तिथे सिंगाडे काढणारा डोमा डोंग्यात होता. त्याला सगळं समजावलं, तो शांतपणे म्हणाला, "आंगठी असती त बुडी मारली असती, बाई. टोपीसाठी गाळात कोन उतरन?" तरी दोनदा उतरला. टोपी नाही मिळाली, सिंगाडे भरपूर मिळाले. परत येताना कृष्णराव मंदाबाईंना विचारत होते की सिंगाडे मिठात उकडायचे की नुसते. तेव्हापासून दोघं बोलतातच आहेत, आणि मला दुपारी डोळा लागत नाही.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार, तुझ्या शेजारच्या लीलाबाईंना आठवण सांग.

तुझी
सत्यभामा

ता. क. काम काही नाही असं वर लिहिलं, ते गुडघ्याची चौकशी नीट व्हावी म्हणून. भोजराज महिनाभर रायपूरला आहेत. त्यांनी फोनवर सांगितलं की अशी टोपी तुमच्या नागपुरात सीताबर्डीवर वायरच्या दुकानात मिळते. तेवढी घेऊन दे ग.

ता. क. दुसरी: हे पत्र आणि पिशवी आमचे एस.टी.चे ड्रायव्हर यादोराव आणतील. सिंगाडे अर्धे तुला, अर्धे लीलाबाईंना, भाऊजींना दोनच. तळाशी रुमालात बांधलेली उरलेली टोपी आहे. ती दुकानात दाखवायची आहे, सिंगाड्यांबरोबर उकडू नकोस. परतीच्या वेळी सगळं यादोरावांच्याच हातात दे, आणि बुधवारच्या गाडीने, आधीच्या नको. एवढे चार दिवस दोघं तोंडाने बोलताहेत तर बोलू देत.

ता. क. तिसरी: नव्या टोप्या तीन घे. एक तारेला. एक कृष्णरावांच्या कपाटात, कुलूप लावून. आणि तिसरी वेगळ्या पुडीत, वर मंदाबाईंचं नाव घालून: ती त्यांना घासायला आणि पूजेला. पुढच्या दसऱ्याला मी शाळेत नसेन.