शिडी धरायला मीच

आणि वर ही शेजारीण मलाच विचारते, अण्णा, तुला राग कसला आला म्हणून. मी तुला कुठे काय बोलले, म्हणते. तुला नाही, बाकीच्यांना. हे बाकीचे कोण, ते एकदा कुणीतरी माझ्यासमोर आणून उभे करा. यांना धरायचं का बाकीच्यांत? सासूबाई आजारी म्हणून हे पंधरा दिवसांसाठी ठाण्याला गेले आणि मागे या देशाने दार लावून घेतलं. वर्ष होत आलं. दोनदा तिकीट मिळालं, दोनदा विमान रद्द. रोज फोनवर ते विचारतात जेवलीस का, मी सांगते जेवले, झालं बोलणं. ऑस्ट्रेलियातल्या केलीव्हिलच्या या भाड्याच्या घरात मी एकटी टीव्ही लावून जेवते, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून, आणि टीव्हीवर टाय लावलेला एक माणूस रोज येऊन समजावतो की बाहेरच्या माणसांना आत न घेणं कसं शहाणपणाचं आहे. ते ठीक. तो टायवाला माझ्या ओळखीचा नाही. ही माझ्या ओळखीची आहे.

तुम्हाला ती कुठून माहीत असणार. तुम्ही गेलात तेव्हा मला ऑस्ट्रेलिया नकाशात दाखवता आलं नसतं. सातवीतून तुम्हीच मला काढलंत, आई आजारी म्हणून, पण ते जाऊ दे, आज तो विषय नाही. पुढे यांना वेल्डिंगच्या कामावर इकडे बोलावलं आणि मी मागून आले. ही शेजारीण ऐंशीच्या घरातली आहे, उंच, हाडापेराने मोठी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ती पण मुळात इथली नाही बरं का. लहानपणी आईबापाबरोबर इंग्लंडहून बोटीने आली. चहाला बसली की अजून त्या बोटीवर कोण कोण कसं ओकत होतं ते सांगते. तिच्या लिंबाची फांदी कुंपणावरून माझ्याकडे येते. ती लिंबं देते, मी गोड लोणचं घालते, आणि ती ते लोणचं चीज घातलेल्या टोस्टवर पसरून खाते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं, बाई, हे काय करताय? तर म्हणाली, 'खाऊन बघ आधी, लव्ह.' लव्ह म्हणते मला. पोस्टमनलाही म्हणते, मांजरालाही म्हणते, मला ठाऊक आहे. पण हा रोग आल्यापासून मला समोर उभं राहून हाक मारणारं दुसरं होतं कोण? एज्ड केअरच्या, म्हणजे वृद्धाश्रमाच्या, किचनमध्ये कामाला जाते तिथे सगळे तोंड झाकून, वर प्लास्टिकचा पडदा. कोण हसतंय कोण रागावलंय पत्ता लागत नाही, शिफ्ट संपते आणि आपण घरी. मुलगा मेलबर्नला, ग्लेन वेव्हर्लीत, आणि त्यांच्या राज्याने आमच्या राज्याला बंदी घातलेली. एकाच देशात, अण्णा. म्हणजे तलासरीच्या पुढे ठाण्याच्या माणसाला जाऊ द्यायचं नाही, तसं.

तर झेंडा. सव्वीस जानेवारी इथेही असते, ऑस्ट्रेलिया डे म्हणतात. आपली कारणं वेगळी, यांची वेगळी, तारीख तेवढी एक. त्या दिवशी ती दारात झेंडे लावते, कुंपणावर बारके, आणि पत्रपेटीजवळच्या खांबावर एक मोठा. दरवर्षी शिडी मी धरते. तेही मीच म्हटलं होतं पहिल्या वर्षी, पडाल म्हणून. यंदाही गेले, मास्क लावून. ती वर दोरी गुंडाळत होती आणि बोलत होती, तिला गप्प राहून काम करता येत नाही. म्हणाली, या रोगाने एक बरं केलं, बॉर्डर बंद झाली. हे आधीच करायला हवं होतं. किती माणसं येतायत, रस्त्यावर गाड्या मावत नाहीत, शाळेत जागा नाही, घरं बघ कशी खोक्याला खोकं लावल्यासारखी. मी खालून म्हटलं, माझा नवरा त्या बॉर्डरच्या पलीकडे आहे. माझं इंग्रजी किचनमधलं, पण एवढं येतं. तिने खाली बघितलं. दचकली, अगदी खरी दचकली. 'ओह, नॉट यू, लव्ह! यू आर ऑलराइट. यू आर वन ऑफ अस.' आणि पुन्हा गाठ मारायला लागली.

शिडी सोडून द्यावी असं वाटलं, खोटं कशाला बोलू. सोडली नाही. ती उतरून जमिनीवर पाय टेकेपर्यंत धरून होते. आणि धरलेल्या हातांकडे बघता बघता मला तुमची शिडी दिसली.

आपल्या गल्लीतली, मंडळाची, बांबूची. तुमच्या कंपनीने बाहेरची पोरं ठेक्यावर घेतली म्हणून तुम्ही सगळे तापलेले. संध्याकाळी सभा आहे. विजेच्या खांबाखांबाला झेंडा लावायचाय, आणि नाक्यावर फळा उभा केलाय, त्यावर खडूने मोठं लिहिलंय की परक्यांनी आपापल्या गावाला जावं. मी गॅलरीत मेथी निवडतेय. तुम्ही वर चढून सुतळी बांधताय आणि खाली शिडी धरून कोण उभा आहे? भय्या. आपला इस्त्रीवाला. त्याचं नाव काय होतं, अण्णा? सगळी गल्ली भय्या म्हणायची, तुम्हाला तरी ठाऊक होतं का? रविवारी अर्धा दिवस तुम्ही त्याच्या हातगाडीला टेकून पेपर वाचून दाखवायचात, आणि तो कोळसे फुंकता फुंकता समजल्यासारखी मान हलवायचा. त्या दिवशी त्याने वर बघून विचारलं, 'अण्णा, वो बोर्ड पे क्या लिखा है?' तुम्ही दातात धरलेली सुतळी काढलीत आणि म्हणालात, 'तेरे लिए नहीं है रे. तू तो अपना आदमी है.' तो हसला. मला वाटलं, काय भला माणूस आहे आपला बाप. छाती फुगली होती माझी गॅलरीत. ते त्याचं हसणं माझ्या डोळ्यांसमोर आहे अजून, आणि परवा तस्संच हसू माझ्या तोंडावर आलं, मास्कच्या आत. ते हसू आतून कसं असतं ते आत्ता कळलं. गाल दुखतात.

सभा संपली आणि पोरांनी त्याची गाडी उलथून टाकली. आपण जेवत होतो, वरणभात आणि तीच मेथी. खालून आरडाओरडा आला तशी आई म्हणाली, 'अहो, जा की खाली. तुमचं ऐकतील ती पोरं.' तुम्ही म्हणालात, 'जातो. जेवण होऊ दे.' आणि तुम्ही जेवलात. ताक मागून घेतलंत. हात धुतलेत, टॉवेलला पुसलेत, मग गॅलरीत गेलात. तोवर रस्त्यावर निखारे पसरले होते आणि लोकांचे कपडे गटारात. मी म्हटलं, तो तर आपला होता ना? तर माझ्यावर खेकसलात, 'तुला काय कळतंय त्यातलं? भांडी घास जा.' घासली. सकाळी गाडी नव्हती, तोही नव्हता. उंबऱ्याशी पेपरात गुंडाळलेले तुमचे कंपनीचे दोन खाकी शर्ट होते. धुतलेले, इस्त्री केलेले, कॉलर कडक. एवढं सगळं झाल्यावर त्याने ते कुठे धुतले आणि कुणाकडच्या इस्त्रीने केले, हे मला आजवर कळलेलं नाही. तुम्ही ते शर्ट कधी घातले नाहीत. आई म्हणायची, अहो, चांगले आहेत, कामाला होतील, तर तुम्ही ऐकलं न ऐकलं करायचात. तुम्ही गेलात तेव्हा आईने कपाट उपसलं, तर तळाशी ते दोन शर्ट होते, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तिने हात लावला आणि परत ठेवले.

हे सगळं मी इथे सांगणार कुणाला? मुलाला फोन केला तर तो झेंड्यावरच अडकला. 'मम, तू शिडी धरलीस? त्या दिवशी? गोरे यायच्या आधी ज्यांची ही जमीन होती ते त्या दिवशी रडतात, यू नो दॅट?' नव्हतं माहीत. म्हटलं, मग तू आणि मी पण त्यांच्याच परसात बसलोय की रे. मग म्हणाला, 'जस्ट डोन्ट टॉक टू हर.' त्याला सोपं आहे, घरात बोलायला तीन पोरं आहेत. यांना सांगितलं तर हे म्हणाले, 'भांडू नकोस बाई, आपल्याला तिथे राहायचंय. इथे मी झेंडावंदनाला खाली उतरलो तर सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, काका, तुम्ही फॉरेनवाले, जरा लांब उभे राहा. अरे, वर्ष झालं मला इथे येऊन! जिलबीसुद्धा लांबूनच दिली.' आम्ही दोघं खूप हसलो. फोन ठेवल्यावर घर एवढं शांत झालं की मी उगाच नळ सोडला.

तिच्याशी बोलणं मात्र बंद केलं. ती कुंपणावर लिंबांची पिशवी अडकवून जायची. मी घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही तीच पिशवी, मग आणखी एक, लिंबं उन्हात सुकायला लागली. मला बघवत नव्हतं, चांगला माल वाया जाताना, पण नाही म्हणजे नाही. आज रविवार. सकाळी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा ती कुंपणाशी आली आणि विचारलं, 'आर यू क्रॉस विथ मी, लव्ह?' मी म्हटलं, हो. तेव्हा ते सगळं झालं, तुला नाही, बाकीच्यांना, जे मी वर लिहिलं. मी म्हटलं, बाकीचे म्हणजे माझा नवरा. ती म्हणाली, 'छे, त्याला तर मी ओळखते. माझं गेट त्यानेच जोडून दिलं.' मी म्हटलं, मग तुम्ही ओळखता ते सगळे सोडून बाकीचे, असं का? चिमट्यांची टोपली माझ्या हातात तशीच.

मग म्हणाली, शुक्रवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. न्यायला कुणी माणूस आलं नाही तर ते करतच नाहीत, टॅक्सी चालत नाही. मुलगा पर्थला आहे, आणि त्यांनी बॉर्डर बंद केलीय. मी म्हटलं, बरं झालं ना मग, बंदच बरी. गेलं तोंडातून. ती म्हणाली, 'दॅट्स डिफरंट.' मी म्हटलं, कसं? अण्णा, ती त्या फांदीकडे बघत राहिली किती वेळ. शेवटी म्हणाली, 'आय डोन्ट नो, लव्ह.' आणि म्हणाली, गुरुवारी सांग, नाही जमलं तर मी रद्द करते. आणि कुंपणाच्या फळ्यांवरून हात फिरवत, चाचपत, घरात गेली. मांजर दारातच होतं, त्याला तिने काही म्हटलं नाही.

आता मी काय करू? तिच्या मनात काय आहे ते तिलाच सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला विचारतेय, कारण तुम्हीही तेच बोलला होतात, वरून, खाली शिडी धरलेल्या माणसाला. ते शर्ट का घातले नाहीत? लाज वाटली म्हणून? तसं असेल तर हिच्याही कपाटात तळाशी काहीतरी असेल, आणि मी शुक्रवारी जाईन, दोन्ही वेळा, न्यायला आणि आणायला. की राग आला होता तुम्हाला, आपला म्हटलं तरी निघून गेला म्हणून? तसं असेल तर तिने आपलं बघावं. आणि तिसरंच काही असेल, नुसते घालायचे राहून गेले असतील, तर तेही सांगा. मला चालेल. कळू तरी दे. आणि त्याचं नाव आठवलं तर तेही.

हे पत्र कुठे जाणार नाही, मला माहीत आहे. किचनच्या ड्रॉवरमध्ये राहील, रबरबँडांच्या डब्याखाली. दुपारी मी गाडी झाडायला काढली आणि पुढची सीट मागे सरकवून ठेवली. तिचे पाय लांब आहेत. त्याचा काही अर्थ लावू नका, झाडायला बरं पडतं म्हणून सरकवली. लिंबं मात्र अजून कुंपणावरच आहेत.

बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवा. आणि या वेळी जेवण होऊ दे म्हणू नका.