उशीखालचं पत्र

विमानतळ, लिंकनशर
१० जानेवारी १९४४

ती. एनिडताईस,
रेजीचा सा. न. वि. वि.

तू विणलेले मोजे मिळाले. एक मोठा, एक लहान; माप माझ्याच पायांचं घेतलं होतंस ना? तरी दोन्ही घालतो. बाकीचे सहाजण विमानात पुढे बसतात आणि मी एकटा शेपटीत, मशीनगन धरून आठ-आठ तास कुडकुडत. बाँब टाकायला निघण्याआधी मात्र आम्हाला खरं अंडं मिळतं. तू तिकडे रेशनवरची अंड्याची भुकटी खातेस हे आठवलं की ते फार चविष्ट लागतं.

तीस फेऱ्या झाल्या की सुटका. एकोणीस झाल्या. इथली एक रीत सांगतो, पण आईला कळू देऊ नकोस. निघताना प्रत्येकजण घरच्यांसाठी एक पत्र उशीखाली ठेवतो. माणूस परतला नाही तर ते टपालात पडतं. मीही लिहून ठेवलंय. परत आलो की तेच पुढच्या फेरीला चालतं.

तुझा,
रेजी

यॉर्कशर
१७ जानेवारी

चि. रेजीस,
जिवंत आहेस म्हणून अ. उ. आ.

आईला कळू द्यायचं नव्हतं म्हणे! शनिवारी सकाळी ते उशीखालचं पत्र तिच्याच हातात पडलं. तुझी तार आली रविवारी दुपारी: इंजिन बिघडलं, दुसऱ्याच धावपट्टीवर उतरलो, सगळे सुखरूप. मधला दीड दिवस आई तुझे शर्ट काढून इस्त्री करत बसली. मला फार भीती वाटली रे.

आता घाबरायची पाळी तुझी. चहाची किटली मांजराने नाही, तू फोडलीस हे तू पत्रात कबूल केलंस. आईने मांजराला मासा देऊन माफी मागितली. माझ्या हातची खीर जगात भारी, हेही तूच लिहिलंस. ते मी स्वयंपाकघरात चिकटवणार आहे. आणि सायकल माझ्या नावे केलीस, ती आता परत मिळणार नाही.

तुझी,
एनिड

विमानतळ
२२ जानेवारी

ती. ताईस, सा. न.

मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला. खाटा नव्या माणसांना लागतात, म्हणून न परतलेल्यांचं सामान सकाळीच आवरतात. आम्ही परतलो तेव्हा माझ्या खाटेवर कुणी दुसराच घोरत होता.

पण ताई, ते पत्र धाडून दे. दहा फेऱ्या उरल्यात. उशीखाली काही नसताना निघणं अपशकुनी, असं आमचा वैमानिक मॉरिस म्हणतो. पुन्हा लिहायला बसलो, चार कागद फाडले. पहिल्यांदा लिहिताना वाटलं होतं, हे कुणी वाचणारच नाही. आता आईचा चेहरा दिसतो आणि हात चालत नाही.

रेजी

यॉर्कशर
२६ जानेवारी

चि. रेजीस, अ. उ. आ.

पत्र आई देत नाही. मी मागितलं तर म्हणाली, ते मला आलंय, माझं आहे. मग तू मला काय लिहिलंयस ते तिला वाचून दाखवलं. तिने उठून एक लिफाफा घेतला, त्यावर स्वतःच्या हाताने स्वतःचाच पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि आत काहीही न घालता चिकटवून टाकला. तो सोबत पाठवते आहे.

उशीखाली हा ठेव, म्हणाली. तुला जे सांगायचं होतं ते तिला पोचलंय, पुन्हा लिहायचा त्रास घेऊ नकोस. आणि तिसावी फेरी झाली की हा लिफाफा पोस्टात टाकायचा नाही. स्वतः आणून तिच्या हातात द्यायचा.

सायकल घेऊन स्टेशनवर येईन. तू मात्र चालत यायचं.

तुझी वाट पाहणारी,
एनिड