पळून गेलेल्या मुलीचा बाप

बाबा, तुमची नात काल माझ्यासमोर पुस्तक घेऊन बसली होती. तुम्ही तिला पाहिलंच नाहीत. ती आता दहावीत आहे, इथे बोरिवलीलाच शाळेत जाते. त्यांना ते जुनं इंग्रजी नाटक लावलंय, ज्याचं मराठी रूपांतर तुम्ही मुलुंडला कॉलनीच्या मंडळात बसवलं होतं. कर्जाच्या बदल्यात माणसाच्या अंगाचं मांस मागणारा ज्यू सावकार त्यात कोर्टात हरतो, आणि वर त्याला स्वतःचा धर्मही सोडायला लावतात. "आई, त्याची दया यायला हवी की नको? एक काय ते सांग ना," ती म्हणाली. मी कुकर लावायच्या निमित्ताने उठले.

सावकाराचं काम तुम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना दिलं होतंत. ते बेने इस्रायल, म्हणजे इथलेच ज्यू, मूळ अलिबागकडचे, बोलणं अगदी आपल्यासारखं. शनिवारी त्यांचा शब्बाथ, काही काम न करण्याचा पवित्र वार, म्हणून तुम्ही तालमी रविवारी सकाळी नेल्यात. रविवारी सकाळी आपण दोघं मासळी आणायला जायचो, बाबा. आठवडाभरात तेवढाच वेळ तुम्ही माझ्याशी बोलायचात, तेही "कल्ले लाल आहेत का बघ" एवढंच. पण ते माझं होतं. ते काकांना गेलं. मला सावकाराच्या मुलीचं काम मिळालं, बापाच्या घरातले दागिने घेऊन प्रियकराबरोबर पळून जाणारीचं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि काका दिसले की मी मुद्दाम तोंड फिरवायचे.

एकदा मेकअपवाला मेणाचं लांब, वाकडं नाक घेऊन आला. काकांनी ते हातात घेऊन बघितलं आणि टेबलावर ठेवलं. "हे नको रे. माझं आहे तेवढं पुरे." "अहो, पण लोकांना कळायला नको, ज्यू आहे ते?" "मी आहेच ना," काका म्हणाले. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. ते नाक उचलून तुम्ही कचऱ्याच्या डब्यात टाकलंत आणि सगळ्यांना खाली बसवलंत. म्हणालात, "लोकांनी थुंकून थुंकून या सावकाराला असा केलाय. मांस कापायची सुरी त्याच्याच हातात आहे, हे मी विसरत नाही. पण प्रेक्षक त्याला हसत घरी गेले तर आपलं नाटक पडलं." तेव्हा मी मध्येच बोलले. "पण त्याची पोरगी का पळाली, हे कोणी विचारलं का? घरात बाप तिच्याशी बोलत असता तर पळाली असती?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तू तुझे प्रवेश पाठ कर." "ती बरोबर बोलतेय रे," काका म्हणाले. त्यांनीच माझी बाजू घ्यावी, याचा मला आणखी राग आला.

मुलगी गेल्याचं कळतं तो प्रसंग काकांना जमेना. "मला मुलगी नाही रे, कसं करू?" मग तुम्ही उठलात. मी बाजूच्या भिंतीला टेकून उभी आहे, आणि तुम्ही रिकाम्या स्टेजवर दार उघडून आत येताय. हाक मारता. एका खोलीत बघता, दुसरीत बघता, आणि मग बघून झालेल्या पहिल्या खोलीत पुन्हा डोकावता. तिथेच जमिनीवर बसता. तुमचे डोळे खरेच भरलेत. घरात असं मी कधी पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हासुद्धा नाही.

प्रयोगाच्या दिवशी सावकाराला धर्म सोडायचा हुकूम झाला आणि मागच्या रांगांतून हशा आला. काका खाली वाकले, डोक्यावरून पडलेली टोपी उचलली, आणि हसणं थांबेपर्यंत तिथेच उभे राहिले. हॉल पार गप्प झाल्यावर ते विंगेत आले. तुम्ही त्यांना मिठी मारलीत आणि बराच वेळ सोडलं नाहीत. शेजारी मी होते. मला म्हणालात, "आवाज मागपर्यंत पोचला."

तुम्ही गेल्यावर काका भेटायला आले होते. त्यांचं मुलाकडे, इस्रायलला जायचं ठरलं होतं. म्हणाले, "तुला सांगू? तालमीत तुझा बाबा रडला ना, त्या दिवशी मी त्याला विचारलं, एवढं कसं जमलं रे तुला? तर म्हणाला, ही एक दिवस लग्न होऊन जाईल, तेवढंच डोळ्यांसमोर आणलं." त्यांना वाटलं मला बरं वाटेल. मला वाटलं, हेही तुम्ही त्यांनाच सांगितलंत.

काल शेवटी लेकीला म्हटलं, "दया यायला हवी. सुरी विसरू नको, पण यायला हवी." "आणि त्याची मुलगी? ती चुकली का?" "ते प्रश्नात नाहीये ना," मी म्हटलं.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. सावकाराची दया मला आता मनापासून येते. काकांबद्दलही काही राहिलेलं नाही. त्या मुलीचा हेवा मात्र अजून जात नाही, बाबा. ती घरातून गेली तेव्हा तुम्ही रडलात. मी लग्न होऊन निघाले तेव्हा तुम्ही केटररशी बोलत होतात.